निर्वासितांचा प्रश्न आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



आम्ही काही मोठे वक्ते नाही. आमचे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही शिकलो ते गिरणीच्या त्रासन खात्यात, युनियनच्या सभेत आणि ह्याच विहाराच्या वाचनालयातल्या लोखंडी कपाटासमोर बसून. तेव्हा बोलण्यात कुठे चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे. मात्र आकड्यांमध्ये चूक होऊ नये म्हणून आम्ही महिनाभर वह्या काढून बसलो होतो. हिशेबाचा विषय आहे, आणि हिशेब नीट नसेल तर माणूस नुसता भावनेवर बोलतो.

हा विषय आम्ही का घेतला ते आधी सांगतो. गेल्या वर्षावासात आपल्या विहारात एक चकमा भन्ते आले होते. अरुणाचल प्रदेशातले. त्यांनी आपल्या मुलांची हकिकत सांगितली आणि दोन मुलांच्या वसतिगृहाच्या खर्चाला हातभार लावा अशी विनंती केली. नंतर समितीची बैठक बसली. रक्कम मोठी नव्हती, पण वाद मोठा झाला. आपल्याच वस्तीतल्या एक वडीलधाऱ्या ताई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नातवाची फी भरायला मी सोसायटीतून कर्ज काढलं. आमच्या गिरणीवाल्यांना अजून घर नाही. आधी घरचं बघा, मग परक्याचं." टाळ्या पडल्या. आम्हीही गप्प बसलो. कारण खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. आज जे बोलतो आहोत ते त्या ताईंना उशिरा दिलेले उत्तर समजा. त्या आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत, आणि त्यांचा मान राखूनच बोलणार आहोत. कारण त्यांचा प्रश्न खोटा नाही. जगभर निर्वासितांवर जो वाद चालतो तो ह्याच एका प्रश्नाभोवती चालतो : कोणाला घ्यायचे, आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी?

प्रथम हे चकमा लोक कोण, ते पाहू. बंगालच्या पूर्वेला चितगावचा डोंगरी प्रदेश आहे. तिथले हे मूळचे रहिवासी, धर्माने बौद्ध. फाळणीच्या वेळी त्या प्रदेशात बिगरमुस्लिम लोकांचे प्रमाण शंभरात सत्त्याण्णवच्या आसपास होते. आपण भारतातच राहणार असे धरून १५ ऑगस्ट १९४७ रोजी रांगामाटी गावात लोकांनी तिरंगा फडकावला. दोन दिवसांनी रॅडक्लिफसाहेबांचा निवाडा जाहीर झाला आणि तो सगळा प्रदेश पाकिस्तानात गेला. काही दिवसांतच पाकिस्तानी सैन्याने येऊन तो झेंडा उतरवला. माणसे होती तिथेच होती, घर होते तिथेच होते. देश मात्र पायाखालून काढून घेतला गेला.

पुढे कर्णफुली नदीवर काप्ताई येथे धरण बांधले. १९६२ साली ते पुरे झाले. वीज तयार झाली, कारखान्यांना गेली. आणि त्या डोंगरी प्रदेशातली कसण्याजोगी जी चांगली जमीन होती, तिच्यातली शंभरात चाळीस हिस्से जमीन पाण्याखाली गेली. सुमारे एक लाख माणसे उठली. मोबदला धड मिळाला नाही. त्यातले हजारो लोक जंगलातून वाट काढत भारतात आले.

हे वाचताना आम्हाला आमच्या मामांची आठवण झाली. त्याच काळात इकडे कोयनेचे धरण होत होते. मामांचे गाव पाण्यात गेले. कोयनेची माणसे ठाणे, रायगडपासून सांगली, सोलापूरपर्यंत पांगली. मामांना जिथे जागा दिली तिथल्या मूळ गावकऱ्यांनी पहिली दोन वर्षे गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही. एक तर धरणग्रस्त, त्यात महार. मामा म्हणायचे, "सरकारनं जमीन दिली, पण गाव दिलं नाही." चकमा भन्ते बोलत होते तेव्हा आम्हाला मामाच बोलताहेत असे वाटले. फरक एवढाच, की मामा राज्याच्या आतच उठले होते आणि चकमा सरहद्द ओलांडून आले होते. धरणाचे पाणी काही सरहद्द बघून चढत नाही.

आता खर्चाकडे येऊ. १९६४ ते १९६९ ह्या काळात भारत सरकारने चकमा आणि त्यांच्याबरोबर आलेले हाजोंग, असे मिळून २,९०२ कुटुंबांना, म्हणजे १४,८८८ माणसांना, तेव्हाच्या नेफामध्ये म्हणजे आजच्या अरुणाचलात वसवले. हाजोंग हे बहुतांशी हिंदू, तेही लक्षात ठेवा. कुटुंबामागे ४,२०० रुपये पुनर्वसनाची मदत मंजूर होती, शिवाय थोडी जमीन. आम्ही पगाराच्या पाकिटामागे गुणाकार करून पाहिला. सर्व कुटुंबांना पुरी रक्कम मिळाली असे धरले तरी एक कोटी बावीस लाखांच्या आत हिशेब बसतो. माणशी सव्वाआठशेसुद्धा होत नाहीत. त्या काळी रुपयाला किंमत होती हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या खर्चाच्या नावाने ओरड होते, तो खर्च मुळात एवढा होता.

मग वाद कसला? इथे आपण दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. नाहीतर आपले बोलणे एकतर्फी होईल. अरुणाचलातले लोक म्हणजे अनेक लहान लहान जमाती. २०११ च्या जनगणनेत साऱ्या राज्याची लोकसंख्या पावणेचौदा-चौदा लाख, म्हणजे आपल्या मुंबईच्या एखाद्या कोपऱ्याएवढी. बाहेरच्या माणसाने परवान्याशिवाय तिथे शिरू नये असा इनर लाईनचा नियम इंग्रजांच्या काळापासून, १८७३ पासून आहे. आणि ज्या वेळी चकमांना वसवले त्या वेळी तिथे लोकांनी निवडून दिलेली विधानसभाच नव्हती. आसामचे राज्यपाल कारभार बघत. स्थानिक जमातींशी बोलून जमीन दिली असे सरकारी कागद सांगतात. तिथल्या विद्यार्थी संघटना सांगतात, की आमच्या वाडवडिलांना कोणी विचारलेच नाही. दिल्लीने नकाशा उघडला, इथे जमीन मोकळी दिसते म्हणाली आणि माणसे आणून सोडली.

बंधू-भगिनींनो, ह्या तक्रारीला आपण हसू नये. 'तिकडे मोकळी जमीन आहे' हे वाक्य गरिबाला पुष्कळदा ऐकावे लागते. आज आम्हा गिरणी कामगारांनाही तेच ऐकवतात. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, मॉल उभे राहिले, आणि आम्हाला सांगतात, शेलूला जा, वांगणीला जा, तिकडे जागा आहे. तेव्हा तिथला आदिवासी म्हणतो की माझी जमीन, माझी नोकरी, माझी भाषा बुडेल, तर त्या भीतीला अर्थ आहे. आणखी एक गोष्ट. तिथले खामटी आणि सिंगफो हेसुद्धा बौद्धच आहेत. म्हणजे हा धर्माधर्माचा झगडा नाही. हा आधी बसलेला आणि मागून आलेला, ह्यांचा झगडा आहे.

पण भीती खरी असली म्हणून तिच्यातून निघणारा प्रत्येक निवाडा खरा ठरत नाही. पुढे काय झाले ते बघा. १९८० नंतर ह्या लोकांना सरकारी नोकऱ्यांची दारे बंद झाली. नव्वदच्या दशकात शिधापत्रिका गेल्या. १९९४ मध्ये राज्य सोडून जा अशा मुदतीच्या धमक्या मिळाल्या. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सर्वोच्च न्यायालयात नेले. ९ जानेवारी १९९६ रोजी सरन्यायाधीश अहमदी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की घटनेच्या एकविसाव्या कलमातला जगण्याचा हक्क फक्त नागरिकाला नाही, ह्या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहे, आणि त्याचे रक्षण करणे राज्य सरकारचे कर्तव्य आहे.

आता ते एकविसावे कलम ज्या घटनेत आहे, ती कोणाच्या अध्यक्षतेखाली लिहिली गेली हे ह्या विहारात सांगायची गरज नाही. पण एक गोष्ट आमच्या तरुण पोरांना सांगू. त्या कलमात शब्द 'व्यक्ती' असा आहे, 'नागरिक' असा नाही. दुसरी काही कलमे फक्त नागरिकांसाठी आहेत, हे मात्र माणूस म्हणून जन्मलेल्या सगळ्यांसाठी आहे. आम्ही हे कलम शेकडो वेळा वाचले होते, पण त्या एका शब्दापाशी कधी थांबलो नव्हतो.

त्यानंतर २००० साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेले चकमा हे जन्मानेच नागरिक आहेत, त्यांची नावे मतदार यादीत घेतली पाहिजेत. १७ सप्टेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आदेश दिला, की उरलेल्यांचे नागरिकत्वाचे काम तीन महिन्यांत पुरे करा. २०१७ साली केंद्राने हालचाल करताच अरुणाचलात बंद पुकारला गेला आणि गाडी पुन्हा अडकली. २०१९ चा नागरिकत्वाचा सुधारित कायदा आला, त्यात बांगलादेशातून आलेल्या बौद्धांचेही नाव आहे. पण इनर लाईनचे प्रदेश त्यातून वगळले आहेत. २०२१ मध्ये तर तिथल्या मुख्यमंत्र्यांनी ह्या लोकांना राज्याबाहेर हलवण्याची भाषा केली. म्हणजे ज्यांचे आजोबा १९६४ साली आले, त्यांचे नातू अजून कचेरीच्या दारात उभे आहेत. २०११ च्या जनगणनेत तिथे ह्या लोकांची संख्या सत्तेचाळीस हजारांच्या वर होती, आणि त्यातले बहुतेक इथेच जन्मलेले.

आता हिशेबाची खरी गोम इथे आहे. निर्वासिताचा खर्च पहिल्या काही वर्षांचा असतो. राहायला छप्पर, खायला धान्य, बी-बियाणे, शाळा. त्यानंतर तो माणूस आपल्या हाताने कमावतो, बाजारात विकतो, विकत घेतो, कर भरतो. अट एकच, त्याला कमावू दिले पाहिजे. ज्याला कागद दिला नाही, नोकरी दिली नाही, शाळा दिली नाही, तो साठ वर्षे झाली तरी 'खर्च' म्हणूनच राहतो. मग आपणच म्हणायचे, बघा, अजून ह्यांचा बोजा आहे. म्हणजे पाय बांधायचे आणि चालत नाही म्हणून ओरडायचे.

उदाहरण लांब नको. आपल्या कल्याणजवळचे उल्हासनगर घ्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखभर माणसे तिथल्या लष्करी बराकींत कोंबली. १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर नाव मिळाले. तेव्हाही लोक नाके मुरडत होतेच. पण त्यांना नागरिकत्व होते, धंद्याला मोकळीक होती. आज आमच्या घरची लग्नाची कपडेखरेदी कुठे होते ते बायकांना विचारा. दुसरे उदाहरण गोंदिया जिल्ह्यातले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. थंडीत स्वेटर विकायला शहराशहरांत बसणारी तिबेटी माणसे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्यांच्यामुळे आपल्यातल्या कोणाचे ताट रिकामे झाले असे आम्ही ऐकलेले नाही.

मात्र सगळ्या निर्वासितांना एकाच मापाने मोजले गेले असेही नाही. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांना मागे टाकलेल्या मालमत्तेची भरपाई मिळावी म्हणून १९५४ साली कायदा झाला. पूर्व बंगालमधून आलेल्यांना तो लागू नव्हता. मागून मागून जे बंगाली निर्वासित आले त्यांत फार मोठा भरणा नमःशूद्रांचा, म्हणजे बंगालमधल्या अस्पृश्य गणलेल्या शेतकऱ्यांचा होता. हे तेच बंगाल, जिथून जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठिंब्यावर बाबासाहेब १९४६ साली घटना समितीत निवडून गेले. ह्या उपकाराची फेड आपण काय केली, हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारतो. मंडलसाहेब पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन स्वतःच निर्वासितासारखे भारतात परत आले. त्यांच्या लोकांना १९५८ पासून दंडकारण्याच्या योजनेत माळरानावर नेऊन टाकले. आपल्या चांदा जिल्ह्यातही, आजच्या गडचिरोलीकडे, त्यांची गावे वसली. नदीच्या पाण्यात वाढलेली माणसे, त्यांना खडकाळ जमीन दिली. १९७८ साली हजारो जण ती जमीन सोडून सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर गेले. १९७९ मध्ये सरकारने बेटाची नाकेबंदी केली आणि त्यांना हुसकावले. किती मेले त्यावर आजही वाद आहे, पण मेले ह्यावर वाद नाही. म्हणजे बघा, निर्वासितांमध्येसुद्धा शेवटच्या पंगतीला कोण बसले? आपलेच.

आणि बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी पाकिस्तानात अडकलेल्या आपल्या लोकांना भारतात निघून या असे जाहीर आवाहन केले. डिसेंबरमध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहिले, की ह्या लोकांना तिकडून सुटू दिले जात नाही, आणि जे सुटून आले त्यांना इकडे मदतही धड पोचत नाही. ते तेव्हा कायदेमंत्री होते, घटना लिहिण्याचे काम डोक्यावर होते. तरी त्यांनी वेळ काढला. 'आधी घरचे बघू' असे त्यांनी म्हटले नाही. घर कुठपर्यंत पसरले आहे, एवढेच पाहिले.

आता कोणी म्हणेल, खर्च शेवटी सामान्य माणसाच्याच खिशातून जातो ना? जातो. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्यांच्या खर्चासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. 'शरणार्थी सहायता' असे त्यावर छापलेले असे. रेल्वेच्या तिकिटावरही कर बसला होता. आम्ही तेव्हा रांगत होतो. पण आमच्या वडिलांनी गावाला आजीला पाठवलेले एक पाकीट ट्रंकेत राहिले होते, त्यावर ते तिकीट आम्ही पाहिले आहे. वडील गिरणीत होते, चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत नऊ माणसे. आम्ही एकदा विचारले, "दादा, तुम्हाला राग नाही आला? आपलंच भागत नव्हतं." ते म्हणाले, "पाच पैशाला काय राग यायचा? राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मालकाच्या पत्रालाही पाचच पैसे आणि माझ्या पत्रालाही पाचच."

ह्या एका वाक्यात सगळे अर्थशास्त्र आहे. निर्वासितांवर खर्च होतो हे दुखणे नाही. तो खर्च कसा वाटून घेतला जातो, हे दुखणे आहे. मोठे निर्णय राजधानीत होतात आणि त्यांचा भार सगळ्यात दुबळ्या माणसाच्या शेजारी नेऊन ठेवतात. चकमांचा भार दिल्लीने उचलला नाही, तो तिरप आणि लोहितच्या आदिवासींच्या शेजारी ठेवला. बंगाल्यांचा भार माडियांच्या शेजारी ठेवला. मग दोन गरीब एकमेकांकडे डोळे वटारून बघत बसतात आणि ज्याने भार ठेवला तो निवांत असतो. आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदासुद्धा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. त्यामुळे कोणाला घ्यायचे, काय द्यायचे, हे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर ठरते. तिबेट्यांना एक न्याय, चकमांना दुसरा, बंगाल्यांना तिसरा. मागणी करायची तर कायद्याची करा. खर्च केंद्राने उचलावा, सगळ्या राज्यांनी वाटून घ्यावा, आणि ज्या गावात माणसे वसवायची त्या गावाला आधी विचारावे आणि त्या गावच्या शाळा-दवाखान्यालाही पैसा द्यावा, ही मागणी करा.

आता एक कबुली द्यायची आहे. ही गोष्ट घरातही कधी सांगितली नव्हती.

आम्ही बदली कामगार म्हणून लागलो, पुढे कायम झालो. काही वर्षांनी दुसरी एक गिरणी बंद पडली आणि तिथल्या काही कामगारांना आमच्या गिरणीत सामावून घ्यायचे ठरले. आमच्या खात्यात गडबड सुरू झाली. हे लोक आले की आपल्या पाळ्या कमी होतील, बढती जाईल, आपल्या बदल्यांच्या पोरांना काम मिळणार नाही. अर्ज तयार झाला : बाहेरच्या कामगारांना आमच्या खात्यात घेऊ नये. त्या अर्जावर आमची सही आहे. मराठीत, ठळक. त्या लोकांमध्ये आमच्या चाळीतला एक जण होता, बाबासाहेबांच्या जयंतीला आमच्याबरोबर ढोल वाजवणारा. तो काही बोलला नाही. फक्त त्यानंतर आमच्या दारावरून जाताना थांबायचा बंद झाला.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला आमची गिरणी थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाही. तेव्हा आम्ही दारोदार काम मागत फिरलो. एका गोदामाच्या गेटवर वॉचमनच्या जागेसाठी गेलो तर तिथली माणसे आपसात म्हणाली, "हे गिरणीवाले आले की आपली ओव्हरटाइम जाते." त्या दिवशी आमची सही आम्हाला आठवली.

आणि त्याही मागचे आठवले. आमच्या आज्याच्या काळात आपल्या माणसांना गिरणीच्या कपडा खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून आपण तिथे नको, विटाळ होतो. कारण विटाळाचे सांगत, पण त्या खात्यात पगार जास्त होता ही आतली गोष्ट. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून ठेवला. ज्या दारावर आमच्या आज्याला अडवले, त्याच दारावर आम्ही नातू होऊन दुसऱ्याला अडवत होतो. आत आलेला माणूस आपण कसे आत आलो हे किती लवकर विसरतो!

एक अवघड गोष्ट बोलल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. चकमा बौद्ध आहेत म्हणून आपण त्यांचे ऐकतो, हे ठीक. पण २०१७ साली शेजारच्या म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले. ते मुसलमान, आणि ज्या देशातून त्यांना पिटाळले तो देश बुद्धाचे नाव घेणारा. काही चीवरधारीसुद्धा त्या द्वेषाच्या सभांत बोलत होते. आपण इथे गप्प राहिलो, तर आपली करुणा ही करुणा नव्हे, ती नुसती भावकी. चितगावच्या डोंगरात बौद्धांना उठवले, म्यानमारमध्ये मुसलमानांना उठवले. उठवणाऱ्याचा धर्म बदलतो, उठलेल्याच्या डोक्यावरचे गाठोडे तेच राहते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण काय दिले आहे ते आपल्याला माहीत आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून ते निघाले, ही कथा बाबासाहेबांनी मानली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचा तंटा पेटला. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला, आणि घरच्यांवर बहिष्कार येऊ नये म्हणून देश सोडून जाण्याचे स्वतः पत्करले. म्हणजे आपण ज्यांना वंदन करतो ते भगवान बुद्ध पाण्याच्या आणि जमिनीच्या भांडणातून देशाबाहेर पडलेले आहेत. त्यांनी वाटेत ज्याच्या ज्याच्या दारात पात्र धरले, त्याने 'तू कुठला, तुझे कागद कुठे' असे विचारले असते तर?

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येतो. ताई, तुमच्या नातवाची फी आणि त्या दोन चकमा पोरांचा खर्च एकाच डब्यातून जातो असे तुम्हाला वाटले. पण तुमच्या नातवाची फी चकमा पोराने वाढवलेली नाही. आमचे घर निर्वासितांनी घेतलेले नाही. गिरण्यांच्या जमिनी कोणी विकल्या, कोणी घेतल्या, हे आपण रोज डोळ्यांनी पाहतो. लाखाच्या वर अर्ज आणि वाटलेली घरे काही हजार, ह्या हिशेबात एकही चकमा नाही. म्हणून घराचा मोर्चा निघेल तेव्हा आपण सगळे पुढे असू, आम्ही झेंडा धरू. पण तो राग चुकीच्या दारावर नेऊन आपटायचा नाही.

समितीपुढे आम्ही असा ठराव ठेवतो. विहाराच्या शिक्षण निधीतून वस्तीतल्या मुलांना जे मिळते त्यातला एक पैसाही कमी होऊ नये. त्याशिवाय दर पौर्णिमेला एक वेगळी दानपेटी ठेवावी. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे टाकावे, सक्ती नाही, नावाची पाटी नाही. वर्षअखेर हिशेब फळ्यावर लिहावा. त्यात दोघांचा नाही तर एकाच पोराचा खर्च निघाला तरी चालेल. आणि ज्यांना पटत नसेल त्यांनी सभेत उठून विरोध करावा, बाहेर जिन्यात नको. आमच्या वडिलांच्या हिशेबाने पहिले पाच रुपये आम्ही टाकतो, पाच पैशाचा आता जमाना राहिला नाही.

आणि एक काम आमचे खासगी. आमच्या चाळीतला तो जुना सोबती आता मुलाकडे डोंबिवलीला राहतो. पुढच्या रविवारी आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. त्या अर्जाबद्दल बोलायचे आहे. दुसऱ्या देशातल्या माणसांविषयी तासभर बोललो आणि शेजारच्या माणसाशी बोलायचे राहिले, असे व्हायला नको.



भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय. जयभीम.